चेतासंस्थेच्या तीन मॉडेलचा सेट घेतला: मेंदू छान, पण न्यूरॉनमध्ये फटच नाही

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. बारावीला कंट्रोल अँड कोऑर्डिनेशनचा धडा आला की दरवर्षी तेच व्हायचं, फळ्यावर न्यूरॉन म्हणजे चेतापेशी काढायची, रंगीत खडूने तिच्यावरच्या मायलिनच्या वेष्टणाचे तुकडे काढायचे, पोरं वहीत उतरवून घेणार, नावं पाठ करणार, पेपरात लिहिणार आणि मोकळी होणार. लॅबमध्ये मेंदूचं एक जुनं प्लास्टर ऑफ पॅरिसचं मॉडेल होतं, त्याचा अर्धा भाग कधीचाच फुटून गेलेला. म्हणून यंदा आम्ही तिघा शिक्षकांनी वर्गणी काढली, थोडे पैसे कॉलेजने घातले आणि ऑनलाइन एक सेट मागवला. त्यात माणसाच्या मेंदूचं आठ भागांचं मॉडेल, न्यूरॉनचं मोठं मॉडेल आणि मेरुरज्जूच्या आडव्या कापाचा बोर्ड, असं तिन्ही मिळून ८,४०० रुपये, डिलिव्हरी धरून. विकणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे, आणि तसंही हाच साचा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला असतो, फोटो नीट बघितले की कळतं. सहा महिने वापरलंय, म्हणून आता लिहिते.

आधी मेंदू, कारण तो खरंच चांगला निघाला. आकार खऱ्या मेंदूएवढा, आठही भाग आतल्या चुंबकांनी चिकटतात आणि चुंबक दमदार आहेत, चाळीस पोरांच्या हातांतून फिरून आला तरी सैल पडलेला नाही. प्रवासात छोट्या मेंदूची, म्हणजे सेरेबेलमची एक खुंटी मोडून आली होती, ती एमसीलने बसवली, आता कळतही नाही. मला सगळ्यात जास्त आवडलं ते त्या छोट्या मेंदूचं कोरीवकाम. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये तो नुसता एक गुळगुळीत गोळा असतो, इथं त्याच्या बारीक आडव्या घड्या एकेक करून दिसतात, नखाने मोजता येतील अशा. आणि त्या घड्यांना अर्थ आहे. माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन असतात, आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के एकट्या छोट्या मेंदूत असतात, जो वजनाने सगळ्या मेंदूचा दहावा हिस्सा आहे. हे सांगितलं की पोरं तो तुकडा परत मागून घेतात आणि उलटून पालटून बघतात, कारण तोवर त्यांना वाटत असतं की वरचा मोठा भाग म्हणजेच मेंदू आणि मागे खाली लटकलंय ते असंच काहीतरी. घड्या घातल्या की कमी जागेत जास्त पृष्ठभाग मावतो हे मग वेगळं शिकवावं लागत नाही, बोट फिरवलं की कळतं.

रंगांचं मात्र आवडलं नाही. कपाळाकडचा भाग पिवळा, वरचा निळा, कानापाशीचा हिरवा, मागचा लाल. पाठ करायला सोपं जातं हे मान्य, पण पोरांना खरंच वाटतं की आत असे रंग असतात. आणि प्लास्टिक टणक असल्यामुळे मेंदू टणक असतो असंही वाटतं. ताजा मेंदू हातात धरला तर आपल्या वजनानेच पसरेल इतका मऊ असतो, मी सांगते खरवसासारखा, मग सगळ्यांना पटकन कळतं कारण इथं घरोघरी गाईम्हशी आहेत. एवढी मऊ वस्तू मोटारसायकलवरच्या खड्ड्यांमध्ये कशी टिकते, तर ती पाण्यासारख्या द्रवात तरंगत असते. १,४०० ग्रॅमचा मेंदू त्या द्रवात असताना पन्नासेक ग्रॅमचाच असल्यासारखा भरतो. मी दोन डबे घेतले, एकात नुसतं अंडं आणि दुसऱ्यात काठोकाठ पाणी भरून त्यात अंडं, झाकण लावून दोन्ही हलवायला दिले. कोरड्या डब्यातलं लगेच फुटलं. मॉडेलमध्ये या द्रवाच्या आतल्या पोकळ्या अर्धवटच दाखवल्यात, पण या किमतीत ते चालून जाईल. मेंदूच्या मॉडेलला माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

आता न्यूरॉन, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

लाकडी पाटावर उभं केलेलं मॉडेल आहे, अडीच फूट लांब. डावीकडे पेशीकाय, म्हणजे पेशीचा मुख्य भाग, साधारण वीस सेंटिमीटरचं, त्यातून फांद्या फुटल्यासारख्या वृक्षिका, मग उजवीकडे जाणारा, निरोप पुढे नेणारा लांब अक्षतंतू आणि त्यावर पिवळ्या मायलिनची सहा वेटोळी, त्यातलं एक वेटोळं कापून आतले थर दाखवलेत. हा कापलेला भाग फार सुंदर केलाय. हे वेष्टण तयार करणारी पेशी, तिला श्वान पेशी म्हणतात, अक्षतंतूभोवती स्वतःला कशी गुंडाळत जाते, एकावर एक, ते तिथं अगदी स्पष्ट दिसतं. आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, मॅडम हे तं पानाच्या चुंबळीसारखं हाय. अगदी तसंच आहे. दोन वेटोळ्यांमधली उघडी जागा, नोड ऑफ रॅनव्हिए, तीही नीट सोडलीय आणि तिथं बारीक भोकं कोरून सोडियमची दारं दाखवलीत, हे मी दुसऱ्या कुठल्याच मॉडेलमध्ये बघितलं नव्हतं.

या दारांमुळे शिकवणं किती सोपं झालं ते सांगते. न्यूरॉनमध्ये वायरीसारखा करंट वाहत नाही, हे पोरांच्या डोक्यात उतरवणं सगळ्यात अवघड असतं, कारण चेतातंतू म्हणजे वायर हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. मी धुऱ्यावरच्या वाळल्या गवताचं सांगते. एका टोकाला काडी लावली की आग पुढे सरकत जाते, पण पहिल्या काडीचा जाळ काही शेवटपर्यंत प्रवास करत नाही, प्रत्येक गवताची काडी स्वतः नव्याने पेटते, म्हणून शंभर फुटांवरचा जाळही पहिल्याएवढाच असतो. न्यूरॉनमध्ये तेच. शांत असताना पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने उणे ७० मिलिव्होल्ट असते, बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि हा फरक टिकवायला पंप सारखा चालू असतो, तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. साधारण उणे ५५ पर्यंत आलं की सोडियमची दारं धाडकन उघडतात, सोडियम आत घुसतं, आत क्षणभर अधिक ३० च्या पुढे जातं, दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं, सगळं एक-दोन मिलिसेकंदात, आणि तोवर शेजारची दारं उघडलेली असतात. नुकत्याच जळलेल्या जागी लगेच परत आग लागत नाही म्हणून ती मागे येत नाही, पुढेच जाते. फक्त इथलं गवत एक-दोन मिलिसेकंदात परत उगवतं, एवढाच काय तो फरक. आणि ज्या तंतूंवर मायलिन आहे तिथं आग एका उघड्या जागेवरून दुसऱ्या उघड्या जागेवर उडी घेत जाते, म्हणून वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि मायलिन नसलेल्या बारीक तंतूंमध्ये तोच वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. पऱ्हाटीचं खुट पायात घुसलं की आधी टचकन कळतं आणि मग सेकंदभराने ती जळजळ चढत येते, हे वर्गातल्या प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. ते दोन वेगळ्या तंतूंनी वेगवेगळ्या वेगाने आणलेले दोन निरोप आहेत असं सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो, सगळे आपापला पाय आठवत असतात.

मॉडेलच्या मापावरूनही एक गणित केलं, ते फार रंगलं. मोठ्या प्रेरक, म्हणजे स्नायूंना निरोप देणाऱ्या न्यूरॉनचं पेशीकाय एक दशांश मिलिमीटर धरलं, तर वीस सेंटिमीटरचं मॉडेल म्हणजे खऱ्याच्या २,००० पट मोठं. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा अक्षतंतू खऱ्यात जवळजवळ एक मीटरचा असतो, मग या मॉडेलचा अक्षतंतू किती लांब पाहिजे, तर दोन किलोमीटर. म्हणजे आमच्या लॅबच्या टेबलापासून निघून एसटी स्टँड ओलांडून पार जिनिंगपर्यंत. आणि ती एकच पेशी. दोन वेटोळ्यांमधलं अंतर खऱ्यात एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इथं दोन मीटर पाहिजे, जे त्यांनी आठ सेंटिमीटरमध्ये बसवलंय. याला मी दोष म्हणणार नाही, दोन किलोमीटरचं मॉडेल कोण पाठवणार, पण सोबतच्या कार्डावर एक ओळ तरी लिहायला हवी होती की लांबी मापात नाही. कार्ड सगळं इंग्रजीत आणि बारीक अक्षरात आहे, मी मराठी नावांच्या चिठ्ठ्या स्वतः टाइप करून चिकटवल्या.

आता मुख्य दोष. अक्षतंतूचं शेवटचं टोक, जिथं ते फांद्या होऊन पुढच्या पेशीपर्यंत पोचतं, ते या मॉडेलमध्ये पुढच्या पेशीला सरळ चिकटवलेलं आहे. एकाच साच्यात ओतलेलं, मध्ये जागाच नाही. पहिल्यांदा वाटलं आमचाच पीस खराब आला असेल, फोन केला, फोटो पाठवले. तिकडून उत्तर आलं की मॅडम सगळ्या शाळा हेच घेतात, आजपर्यंत कोणी तक्रार केली नाही, आणि फट ठेवली तर शेवटचा तुकडा लटकेल आणि तुटेल. तुटायचं कारण मला समजतं. पण मग खाली आधाराला एक तार लावा, फट ठेवा. कारण न्यूरॉन शिकवताना ही फट म्हणजे एखादी बारीकसारीक गोष्ट नाही, अर्धा धडा त्या फटीत आहे.

ही चूक शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या लोकांनीही केलेली आहे. इटलीतल्या गोल्जींनी १८७३ मध्ये सिल्व्हर नायट्रेट वापरून न्यूरॉन काळे रंगवायची पद्धत शोधली, पहिल्यांदा अख्खी पेशी फांद्यांसकट दिसली, पण त्यांना वाटलं की हे सगळं एकमेकांना जोडलेलं सलग जाळं आहे. स्पेनच्या काहालांनी तीच पद्धत वापरली, वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकात बघून चित्रं काढली आणि म्हणाले, नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं आणि त्या व्यासपीठावरही गोल्जी आपल्या जाळ्याचीच बाजू मांडत होते. फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. त्याच्या आधी १९२१ मध्ये ऑटो लोवींनी बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग करून दाखवून दिलं होतं की चेतातंतू पुढे निरोप देतो तो रसायनाने देतो, कारण एका हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्याला दिला तर तेही मंदावलं. काही ठिकाणी दोन न्यूरॉन अगदी जवळ येऊन थेट विजेनेही बोलतात, पण तिथंही पेशी सुट्याच असतात. एवढं सगळं होऊन गेल्यावर आज विकत घेतलेलं मॉडेल परत चिकटलेलं येतं, म्हणून मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी मी ते कापलं. घरून एक्सो ब्लेड आणलं, आमच्या लॅबच्या काकांनी पाट घट्ट धरला आणि मी टोकापाशी हळूहळू कापत गेले. आत पोकळ असेल वाटलं होतं, पण शेवटचा भाग भरीव निघाला, पंधरा-वीस मिनिटं लागली, पिवळ्या-पांढऱ्या भुशाचा ढीग टेबलावर, आणि जळक्या प्लास्टिकचा वास. कापून झाल्यावर पॉलिश पेपर मारला, पुढच्या पेशीचा तुकडा जाड तारेवर बसवून पाटाला स्क्रूने आवळला आणि मध्ये एक सेंटिमीटरची फट ठेवली. या मापात खरी फट कागदाच्या जाडीचीसुद्धा नको, कारण ती असते २० ते ४० नॅनोमीटर, स्नायूपाशी जरा रुंद, पन्नासेक. केसाच्या जाडीत अशा दोन-चार हजार फटी बसतील. एक सेंटिमीटर ठेवली ती दिसावी म्हणून, हे पोरांना सांगितलंय.

मग त्या फटीत काय होतं ते दाखवायला हळदीत रंगवलेला साबुदाणा घेतला, तो म्हणजे ॲसिटिलकोलीन, फटीतून निरोप नेणारं रसायन. छोट्या प्लास्टिकच्या पुड्या करून टोकाच्या आत ठेवल्या, त्या पुटिका. पुढच्या पेशीवर बाटलीची झाकणं उताणी चिकटवली, ते रिसेप्टर. एक मुलगा निरोप आला असं ओरडतो, दुसरी मुलगी पुडी फोडते, साबुदाणा फटीत पडतो, काही दाणे झाकणांत जातात, स्नायू आकसला. आणि तिसरा मुलगा चिमटा घेऊन लगेच ते दाणे उचलून टाकतो, तो एन्झाइम, ॲसिटिलकोलिनएस्टरेज. खरा एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू तोडतो, आमचा मुलगा दमतो. पण उचललेच नाहीत तर काय होतं हे दाखवायला मी त्याचे हात रुमालाने बांधले आणि पुड्या फोडत राहायला सांगितलं. दाणे साचत गेले, झाकणं भरून वाहायला लागली.

तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर कधी बोलला नव्हता, उभा राहून म्हणाला, मॅडम, माह्या बाबाले फवारनीत असंच झालं होतं काय, तोंडातून लाळच थांबत नव्हती, घाम घाम, अन् डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी झालती.

मी जागच्या जागी थांबले. कारण हो, अगदी हेच. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कपाशीवर फवारली जात आलेली औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली आहेत आणि ती नेमके त्या चिमटेवाल्याचे हात बांधतात. निरोप संपतच नाही. लाळ, अश्रू, घाम, जुलाब सुरू होतात, बाहुल्या बारीक होतात, छातीत पाणी साचल्यासारखं होतं, स्नायू थरथरतात आणि मग ढिले पडतात, श्वास घेणारे स्नायूसुद्धा. दवाखान्यात ॲट्रोपिन देतात ते काही रिसेप्टरांवर झाकण ठेवतं, म्हणजे लाळ आणि छातीतला स्राव आटोक्यात येतो, आणि दुसरं एक औषध असतं पॅम, ते बांधलेले हात सोडवायचा प्रयत्न करतं, म्हणून वेळेत जायला पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते वर्ष इथं कोणी विसरलेलं नाही. त्या मुलाचे वडील वाचले. तो मुलगा पुढे टेबलापाशी आला, रुमाल स्वतःच्या हाताने सोडला आणि दाणे उचलायला लागला. चिकटवलेल्या मॉडेलवर मला हे शिकवताच आलं नसतं. जिथं त्याच्या बाबांना विष लागलं ती जागाच त्या मॉडेलमध्ये नव्हती.

त्या दिवसापासून मी ती फट धरूनच सगळा धडा शिकवते. मण्यार चावली की काय होतं, तर ती फटीच्या अलीकडे काम करते, टोकाची नासधूस करते, पुड्या फुटणंच बंद होतं. रात्री खाली झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसं नाही, आणि पहाटे पापण्या उघडत नाहीत. नुकसान अलीकडच्या टोकाचंच झालेलं असल्यामुळे लस दिली तरी ते टोक परत तयार व्हायला दिवस लागतात, तोवर व्हेंटिलेटरवर श्वास द्यावा लागतो. नागाचं विष पलीकडे काम करतं, झाकणांवर बसतं, दाणे येतात पण त्यांना जागा मिळत नाही. मी झाकणांवर चिकटपट्टी लावून दाखवते. बाहेरून दोघांतही पापण्या पडलेल्याच दिसतात, पण फटीच्या दोन वेगळ्या बाजू. पोरं घरी जाऊन आजीला सांगतात, आणि दोघा-तिघांच्या घरी आता खाली झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचून लावायला लागलेत, हे मला त्यांच्या आयांनी सांगितलं.

विंचू मात्र फटीत नाही, तो त्या कोरलेल्या भोकांवर, सोडियमच्या दारांवर. दारं उघडली की मिटूच देत नाही, त्यामुळे चेतातंतू पेटतच राहतात, अंगातली सगळी अनुकंपी चेतासंस्था एकदम चेकाळते, हातपाय गार, घाम, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. कोकणात लाल विंचवाने अशी पोरं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून बघितलं आणि मृत्यू खूप कमी झाले, त्यांचं ते काम लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरने हे केलं, हे मी प्रत्येक बॅचला सांगते, कारण बायोलॉजीची आवड असलेली पोरं माझ्याकडे येतात आणि त्यांना वाटतं की संशोधन म्हणजे मुंबई-पुणं किंवा परदेशच. मॉडेलवर नोडची भोकं कोरलेली आहेत म्हणून विंचू त्यावर बोट ठेवून शिकवता येतो, आणि हे श्रेय मॉडेलवाल्यांचं, ते द्यायलाच पाहिजे. मायलिनचा कापलेला भागही असाच कामी येतो, २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडकडे जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे, इतके रुग्ण निघाले तेव्हा सगळीकडे नाव ऐकू यायचं, पण शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती चेतातंतूंच्या त्या पिवळ्या गुंडाळीवर, कधी आतल्या तंतूवरच, हल्ला करते म्हणून पायांपासून बळ जायला लागतं, हे त्या वेटोळ्याकडे बोट दाखवून दोन मिनिटांत सांगून झालं.

तिसरा मेरुरज्जूचा बोर्ड. यावर जास्त लिहीत नाही कारण तो मी परत पाठवलाय. राखाडी भागाचं फुलपाखरू बरं आहे, मधली नळीही आहे, पण संवेदी मुळावर जी गाठ असते, डॉर्सल रूट गँग्लियन, ती त्यांनी पुढच्या बाजूच्या प्रेरक मुळावर बसवलीय. संवेदी न्यूरॉनचं पेशीकाय त्या गाठीत असतं, त्यामुळे गाठ चुकली की निरोप कुठून आत येतो आणि कुठून बाहेर जातो हेच उलटं होतं. गुडघ्याखाली तळहाताच्या कडेने टोला मारला की पाय उडतो, त्यात दोनच न्यूरॉन आणि एकच फट असते, मागच्या मुळाने आत आणि पुढच्या मुळाने बाहेर. पोरांना ही वाट बोर्डावर बोटाने काढायला लावली तर ती उलटीच काढतील. बारावीच्या पेपरात आकृतीला मार्क असतात, चुकीचं बघून चुकीचं काढणार आणि मार्क जाणार, म्हणून हा दोष मी चालवून घेतला नाही.

घ्यायचं असेल तर सांगते. मेंदूचं मॉडेल सुटं मिळत असेल तर बिनधास्त घ्या, बंद कपाटात ठेवा, आमच्याकडे उंदरांनी जुन्या मॉडेलची खुंटी कुरतडली होती. न्यूरॉनचं घ्यायच्या आधी विकणाऱ्याकडून शेवटच्या टोकाचा जवळून फोटो मागवा, पुढच्या पेशीत आणि टोकात फट दिसली तर घ्या, दिसली नाही तर घरी एक्सो ब्लेड आहे का बघा आणि कापायची तयारी असेल तरच घ्या, कापल्यावर ते वर्गात फार उपयोगी पडतं. कापताना तोंडाला रुमाल बांधा, भुसा बारीक उडतो. मेरुरज्जूच्या बोर्डावर गाठ मागच्या मुळावर आहे का ते तपासा, मागची बाजू म्हणजे जिथं फुलपाखराची शिंगं बारीक निमुळती असतात ती. माझ्या बोर्डाचे पैसे अजून आलेले नाहीत, कुरियरची पावती जपून ठेवलीय आणि गाठ कुठं पाहिजे याचं चित्रही त्यांना काढून पाठवलंय. पैसे आले किंवा दुरुस्त बोर्ड आला की इथंच खाली लिहीन.